फिल्मच्या मागचा दिवा : प्रोजेक्टरसाठी प्रकाश निवडताना

भोपाळच्या शाहपुऱ्यात माझ्या घरी १६ मिलिमीटरचा एक जुना प्रोजेक्टर आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याचा दिवा गेला. मोटर फिरत होती, फिल्म टकटक करत गेटमधून सरकत होती, आवाजही येत होता, पण समोरची भिंत काळीच राहिली. नवा दिवा शोधायला निघालो, तर जितकी तोंडे तितके सल्ले. विजेच्या दुकानदाराने सांगितले, आता सगळे एलईडीवर गेले आहे, तुम्हीही जा. एका निवृत्त ऑपरेटरने बजावले, होता तोच दिवा घाला, एक वॉटही वाढवू नका. तरुण मित्र म्हणाला, फिल्म स्कॅन करा आणि यंत्र शोकेसमध्ये ठेवा.

तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते. प्रश्न एकट्या माझ्या यंत्राचाही नव्हता. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, जत्रेतले तंबू, फिल्म सोसायट्या, महाविद्यालयांच्या कोठड्यांत पडून असलेली यंत्रे, घरोघरच्या आठ मिलिमीटरच्या लग्नफिती या सगळ्यांपुढे आज हाच प्रश्न आहे. म्हणून सव्वाशे वर्षांत फिल्ममागे कोणकोणते दिवे पेटले, प्रत्येकाने काय दिले आणि काय मागितले, आणि आज कोणता निवडावा, याचा हा आढावा.

दिव्याकडून काय हवे?

पहिली गोष्ट उजेडाच्या मोजमापाची. चित्रपटगृहात फिल्म न लावता, शटर फिरते ठेवून, पडद्याच्या मध्यावर दर चौरस मीटरला सुमारे ५५ कँडेला इतकी तेजस्विता असावी, असे प्रमाण चित्रपट-अभियंत्यांनी ठरवले आहे. साध्या पांढऱ्या पडद्यासाठी हे गणित घरीही करता येते. दोन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच पडद्याला सुमारे ५२० लुमेन लागतात. रुंदी दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते आणि उजेडही चौपट, म्हणजे दोन हजारांवर लुमेन लागतात. पडदा थोडा मोठा करू म्हणणाऱ्याने हा चौपटीचा हिशेब आधी करावा.

त्यातही दिव्याने दिलेला सगळा उजेड पडद्यावर पोचत नाही. फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगाने धावते. दर चौकट सरकताना शटर उजेड अडवतो, आणि डोळ्यांना लुकलुक जाणवू नये म्हणून चौकट स्थिर असतानाही एकदा अडवतो. अशा रीतीने सेकंदाला ४८ झोत पडद्यावर पडतात. यातच जवळजवळ निम्मा उजेड जातो.

दुसरी गोष्ट उगमाच्या आकाराची, आणि बहुतेक फसगत होते ती इथेच. ३५ मिलिमीटर फिल्मच्या प्रोजेक्टरची खिडकी सुमारे २१ बाय १५ मिलिमीटर असते, १६ मिलिमीटरची तर जेमतेम ९.६ बाय ७.२. सगळा उजेड या खिडकीतून जायला हवा, आणि पुढच्या लेन्सच्या तोंडात सामावेल अशाच कोनातून जायला हवा. हंडा कितीही मोठा असला तरी तांब्याच्या तोंडात धार बारीकच लागते. धार जाड असेल तर पाणी बाहेर सांडते. उजेडाचेही तसेच आहे. पसरट दिव्याचा उजेड भिंगांनी कितीही गोळा केला तरी लहान खिडकीत मावत नाही, कारण भिंग उगम लहान करते तेव्हा किरणांचा कोन वाढवते. म्हणून प्रोजेक्टरचा दिवा बिंदूएवढा आणि त्या बिंदूत अतिशय प्रखर असावा लागतो. प्रोजेक्टरच्या दिव्यांचा सारा इतिहास म्हणजे या प्रखर बिंदूचा शोध आहे.

तिसरी गोष्ट रंगाची आणि चौथी उष्णतेची. त्यांच्याकडे प्रत्येक दिव्यासोबत येऊ.

चुन्याचा उजेड आणि पॅरिसची आग

आपल्याकडे पडद्यावरच्या चित्रांची ओढ सिनेमाच्या आधीची आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ सुरू केले. शांबरी म्हणजे माया. काचेवर हाताने रंगवलेली पौराणिक चित्रे कंदिलाच्या उजेडाने पडद्यावर पडत आणि सोबत निवेदन व गाणी चालत. महाराष्ट्राला चित्रपट जवळचा वाटला त्याची पायवाट या कंदिलाने घालून दिली.

अशा चित्रदीपांत जगभर तेलाचे दिवे वापरत. मोठ्या सभागृहांत ‘लाइमलाइट’ असे. ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीत चुन्याचा तुकडा तापवला की तो लख्ख पांढरा झळाळतो. लंडन-पॅरिसच्या रंगभूमीवरही एकोणिसाव्या शतकात हा उजेड वापरत. २८ डिसेंबर १८९५ रोजी ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये पहिला सशुल्क खेळ केला, तेव्हा त्यांनी विजेचा आर्क दिवा वापरला. दिवा आणि फिल्म यांच्यामध्ये पाण्याने भरलेला काचेचा चंबू होता. तो भिंगाचे काम करी आणि उष्णताही शोषून घेई. पाणी उकळू लागले तरी फिल्म सुरक्षित राही. उजेड हवा, पण उष्णता फिल्मपर्यंत पोचता कामा नये, ही प्रोजेक्टर बनवणाऱ्यांची काळजी अगदी पहिल्या दिवसापासूनची आहे.

ज्यांनी आगीची काळजी घेतली नाही त्यांच्या चुकीची किंमत दुसऱ्यांनी मोजली. ४ मे १८९७ रोजी पॅरिसच्या बझार दे ला शारिते या धर्मादाय मेळ्यात प्रोजेक्टरच्या इथर-ऑक्सिजन दिव्यात इथर भरताना काडी पेटवली गेली, आणि काही मिनिटांत सव्वाशेच्या आसपास माणसे जळून मेली. प्रोजेक्टरची केबिन वेगळी, आगीला दाद न देणारी असावी, हा दंडक पुढे जगभर रूढ झाला, त्यामागे अशा दुर्घटना आहेत.

मुंबईत ल्युमिएरांचा खेळ ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात झाला. शहराला वीज पुरवणारी बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी मात्र १९०५ ची. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला, तोवर मोठ्या शहरात वीज होती. गावोगावी फिरणाऱ्याला मात्र उजेड सोबतच न्यावा लागे.

कार्बन : हाताने राखलेली आग

पुढची पन्नास-साठ वर्षे कार्बन आर्कची. दोन कार्बन कांड्या टोकाला टेकवायच्या, प्रवाह सोडायचा आणि किंचित दूर करायच्या. मधल्या फटीत आर्क पेटतो. धन कांडीच्या टोकाला खळगा पडतो, तो साडेतीन हजार अंश सेल्सिअसच्या वर तापतो, आणि खरा उजेड त्या खळग्यातून येतो. काही मिलिमीटरचा तो खळगा हाच आपला प्रखर बिंदू. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जर्मनीच्या हाइनरिश बेकने कांडीच्या गाभ्यात सिरियमसारख्या दुर्मिळ मृदाधातूंची संयुगे भरली, आणि आर्कचा उजेड कितीतरी पटींनी वाढून दिवसाच्या उजेडासारखा पांढरा झाला.

या उजेडाची किंमत मोठी होती. कांड्या जळून आखूड होतात, म्हणून त्या सतत पुढे सरकवाव्या लागतात. यंत्र सरकवत असले तरी काळ्या काचेतून आर्कवर ऑपरेटरची नजर हवीच. अंतर चुकले की पडद्याच्या एका कोपऱ्यात पिवळसर किंवा निळसर छाया येते आणि प्रेक्षक ओरडतात. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, म्हणजे २,००० फुटांचे रीळ सुमारे २२ मिनिटे चालते. कांडीची जोडीही साधारण तेवढीच पुरते. म्हणून केबिनमध्ये दोन यंत्रे असत. रीळ संपत आले की चौकटीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमके आणि ऑपरेटर दुसरे यंत्र चालू करी. धूर बाहेर काढायला धुराडे लागे, आणि स्थिर एकदिश प्रवाहासाठी रेक्टिफायर किंवा डायनॅमो लागे.

प्रवाह एकदिशच हवा, याला कारण आहे. आपल्या घरातला प्रवाह सेकंदाला ५० वेळा आवर्तन घेतो, त्यामुळे त्यावर चालणारा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. शटरचे झोत आहेत ४८. त्याची दुप्पट ९६. शंभर आणि शहाण्णव यांतला फरक चार, आणि पडद्यावर सेकंदाला चारदा मंद हेलकावा दिसतो. हा हिशेब कार्बनला लागू आहे, झेनॉनला आहे आणि एलईडीलाही आहे.

महाराष्ट्रातल्या जत्रांमधल्या तंबू टॉकीजनी हा उजेड दीर्घकाळ जगवला. ट्रकवर यंत्र, तंबू आणि जनरेटर घालून गावोगाव फिरणे, शेतात तंबू ठोकणे आणि रात्री पडदा उजळणे, हा कित्येक कुटुंबांचा पिढीजात धंदा होता. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी २०१६ च्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात त्याचा उतरता काळ टिपला आहे. आज कार्बनच्या कांड्या मिळणे दुरापास्त, आणि आर्क राखणारे हातही थोडे राहिले. एखाद्या संग्रहालयाने एक तरी कार्बन यंत्र चालते ठेवावे आणि जुन्या ऑपरेटरकडून नव्या मुलांना ते शिकवून घ्यावे. रोजच्या खेळासाठी मात्र कार्बनचा विचार आता करू नये.

झेनॉन : बंद काचेतला सूर्य

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत झेनॉन दिवा आला आणि पन्नाशीच्या दशकात प्रोजेक्टरांत बसू लागला. क्वार्ट्‌झच्या फुग्यात झेनॉन वायू दाबाखाली भरलेला असतो आणि टंगस्टनच्या दोन टोकांमधल्या काही मिलिमीटर फटीत आर्क पेटतो. रंग सुमारे ६,००० केल्विन, जवळजवळ सूर्यप्रकाशासारखा, आणि दिवा जुना झाला तरी फारसा न बदलणारा. वीज जाऊन परत आली तर झेनॉन लगेच पेटतो आणि पेटताच पूर्ण उजेड देतो. मेटल हॅलाइड दिव्याला थंड होण्यासाठी काही मिनिटे थांबावे लागते. ज्या गावात वीज येते-जाते, तिथे हा फरक मोठा आहे.

झेनॉनमुळे केबिनही बदलली. दिवा न थांबता तासन्‌तास जळतो, म्हणून सगळी रिळे जोडून आडव्या तबकडीवर ठेवायची आणि एकाच यंत्रावर अख्खा चित्रपट चालवायचा, हे शक्य झाले. काहीशे वॉटपासून कित्येक किलोवॉटपर्यंत हे दिवे मिळतात आणि आकारमानानुसार पाचशेपासून काही हजार तास चालतात.

पण हा दिवा बेसावध माणसाचा नाही. थंड असतानाही आत वातावरणाच्या कैकपट दाब असतो आणि तापल्यावर तो आणखी वाढतो. फुगा फुटला तर काचा गोळीसारख्या उडतात. म्हणून बदलताना चेहऱ्यावर ढाल, हातात जाड मोजे, अंगात संरक्षक जाकीट हवेच. बोटांचा घाम काचेला लागू द्यायचा नाही, कारण त्या डागापाशी क्वार्ट्‌झ कमजोर होतो. धन-ऋण टोके उलटी जोडली तर दिवा थोड्याच वेळात वाया जातो. पेटवताना हजारो व्होल्टचा झटका लागतो. दिव्याभोवती तयार होणारा ओझोन बाहेर काढायला पंखा व नळी हवी, आणि रेक्टिफायरमधून येणारा प्रवाह सपाट हवा, नाहीतर टोके लवकर झिजतात. हे सगळे सांभाळणारा प्रशिक्षित माणूस असेल तर ३५ मिलिमीटरसाठी झेनॉनला आजही तोड नाही. तो नसेल तर घरी झेनॉन आणू नये.

हॅलोजन : १६ मिलिमीटरचा सोबती

१६ मिलिमीटरची गोष्ट वेगळी आहे. कोडॅकने १९२३ मध्ये ही फिल्म आणली ती घर आणि शाळा डोळ्यांपुढे ठेवून, न पेटणाऱ्या पायावर. आपल्याकडे १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले, आणि सरकारी प्रचारगाड्यांनी १६ मिलिमीटरचे प्रोजेक्टर खेड्यापाड्यांत नेले. पुण्यात १९६४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या १६ मिलिमीटर प्रिंट्सवर फिल्म सोसायट्यांची एक पिढी वाढली. मुंबईचे प्रभात चित्र मंडळ १९६८ चे. भोपाळात १९८२ मध्ये भारत भवन उघडले, आणि ‘छवि’ नावाने सिनेमाला त्यात स्वतंत्र दालन मिळाले.

या यंत्रांत आधी ७५० किंवा १,००० वॉटचे साधे टंगस्टन दिवे असत. त्यांची काच काळवंडे आणि ते आग ओकत. साठीच्या दशकानंतर हॅलोजन आला. टंगस्टनच्या तारेतून उडणारे कण हॅलोजन वायू पुन्हा तारेवर आणून बसवतो, म्हणून काच स्वच्छ राहते आणि तार अधिक तापवता येते. २४ व्होल्ट, २५० वॉटचा हॅलोजन जुन्या १,००० वॉटच्या दिव्याची बरोबरी करू शकतो, कारण त्याची तार आखूड आणि घट्ट असते. पुन्हा तोच प्रखर बिंदू. अनेक दिव्यांमागचा खास आरसा दिसणारा उजेड पुढे फेकतो आणि उष्णता मागे जाऊ देतो. ल्युमिएरांचा पाण्याचा चंबू आता आरशाच्या लेपात आला आहे.

हॅलोजनचे एक गणित प्रत्येक मालकाने पाठ करावे. व्होल्टेज ५ टक्क्यांनी उतरवले तर उजेड सुमारे १६ टक्क्यांनी घटतो, पण दिव्याचे आयुष्य जवळजवळ दुप्पट होते. उलट ५ टक्क्यांनी चढले तर आयुष्य निम्म्यावर येते. माझ्या भागात संध्याकाळी २३० चे २४५ व्होल्ट होताना मी मोजले आहे. तेवढ्याने दिव्याचे आयुष्य निम्म्याहूनही कमी होते. म्हणून स्टॅबिलायझर ही चैन नाही. दिवा २४ ऐवजी पावणेतेवीस व्होल्टवर चालवला तर डोळ्यांना फरक फारसा जाणवत नाही. फार खाली मात्र उतरवू नये, कारण काच पुरेशी तापली नाही तर हॅलोजनचे चक्र थांबते आणि ती काळी पडते. खेळ संपला की दिवा आधी बंद करावा आणि पंखा काही मिनिटे चालू ठेवावा.

एलईडी आणि लेसर

आता दुकानदाराच्या सल्ल्याकडे वळतो. एलईडी थंड झोत देतो, हजारो तास टिकतो, कमी वीज खातो. त्याच्या झोतात उष्णता देणारे अवरक्त किरण जवळजवळ नसतात, त्यामुळे चौकट थांबवूनही फिल्म जळत नाही. तपासणी आणि अभ्यासासाठी हा फार मोठा गुण आहे.

अडचण उगमाच्या आकाराची आहे. बाजारात सहज मिळणाऱ्या शंभर वॉटच्या एलईडीचा उजळ भाग पुष्कळदा वीस मिलिमीटरहून मोठा असतो, आणि १६ मिलिमीटरची खिडकी दहा मिलिमीटरहून लहान. निम्म्याहून अधिक उजेड वाया जातो. लहान पृष्ठभागाचा, प्रखर एलईडी निवडून त्याला नीट भिंगे आणि मोठा उष्णताशोषक जोडला, तर लहान पडद्यावर समाधानकारक चित्र मिळते. त्याला सपाट, स्थिर प्रवाह देणारा ड्रायव्हर हवा. झटपट चालू-बंद करून उजेड कमी करणारा स्वस्त ड्रायव्हर शटरशी भांडतो आणि पडद्यावर पट्टे किंवा लुकलुक दिसते. रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक (सीआरआय) ९५ च्या आसपास किंवा वर असलेलाच एलईडी घ्यावा, नाहीतर लाल रंग मरतो आणि चेहरे मातट दिसतात.

लेसर आज डिजिटल चित्रपटगृहांत झेनॉनची जागा घेतो आहे आणि वीस-तीस हजार तास चालतो. फिल्मच्या यंत्रात घरी लेसर बसवण्याचा खटाटोप कोणी करू नये. डोळ्यांना धोका मोठा आहे.

आणखी एक दिवा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, तो आवाजाचा. फिल्मच्या कडेची ध्वनिपट्टी वाचायला यंत्रात छोटा वेगळा दिवा असतो. म्हणूनच माझ्या यंत्राचा मुख्य दिवा गेल्यावरही आवाज येत होता. मुख्य दिवा बदलताना या दिव्याला हात लावू नये.

प्रिंट पाहून दिवा

दिवा निवडण्याआधी प्रिंट हातात घेऊन पाहावी. कृष्णधवल फिल्ममधली चांदी उष्णता शोषते, म्हणून ती गेटमध्ये तापून फुगते आणि चित्र अस्पष्ट होते. रंगीत फिल्मचे रंग अवरक्त किरणांना बरेचसे वाट देतात, म्हणून ती कमी तापते. कृष्णधवल प्रिंटला हॅलोजनचा उबदार उजेड शोभतो, पण उष्णता अडवणारी काच जागेवर हवी.

१९८० च्या आसपासपर्यंतच्या बहुसंख्य रंगीत प्रिंट्सचा निळसर-हिरवा थर उडाला आहे आणि त्या गुलाबी-लाल झाल्या आहेत. हॅलोजनच्या ३,२०० केल्विनच्या पिवळसर उजेडात त्या आणखी लाल दिसतात. अशा प्रिंटला थंड पांढरा उजेड थोडा आधार देतो. अनेक १६ मिलिमीटर प्रिंट्स टंगस्टनच्या उजेडासाठीच रंग जुळवून काढलेल्या असतात. त्या एलईडीच्या निळसर उजेडात फिक्या दिसल्या तर दोष प्रिंटचा नसतो.

आणि १९५० च्या सुमारापर्यंतची ३५ मिलिमीटरची नायट्रेट फिल्म कोणत्याही दिव्यासमोर धरू नये. ती पेटली की विझवता येत नाही, पाण्याखालीही जळते. कडेवर ‘सेफ्टी’ असे छापलेले दिसत नसेल तर ती थेट तज्ज्ञांच्या हाती द्यावी.

निवड

ज्या संस्थेकडे ३५ मिलिमीटरचे यंत्र, केबिन आणि जाणकार ऑपरेटर आहे, तिने झेनॉन ठेवावा. घरात किंवा वर्गात १६ मिलिमीटर दाखवणाऱ्याने यंत्राच्या पुस्तिकेतला हॅलोजनच घ्यावा, स्टॅबिलायझर लावावा, व्होल्टेज थोडे उतरवावे आणि पडदा दोन मीटरहून रुंद करू नये. चौकट थांबवून पाहायची असेल किंवा यंत्राचा मूळ दिवा कुठेच मिळत नसेल, तर सपाट प्रवाहाचा, लहान उगमाचा, चांगल्या रंगाचा एलईडी जाणकाराकडून बसवून घ्यावा आणि यंत्राचे मूळ भाग जपून ठेवावेत, म्हणजे पुढच्याला परतीची वाट राहील.

माझ्यापुरते मी निवृत्त ऑपरेटरचे ऐकले. २५० वॉटचा हॅलोजन, पावणेतेवीस व्होल्टवर. मित्राचेही ऐकले. जगात दुसरी प्रत नाही अशी एक कौटुंबिक फीत मी प्रोजेक्टरवर चढवलीच नाही, आधी स्कॅन करून घेतली.

वाचकांना एवढीच विनंती आहे. माळ्यावर, कपाटात, बंद पडलेल्या टॉकीजच्या खोलीत फिल्मचे डबे असतील तर दिवा शोधण्याआधी डबा उघडा. व्हिनेगरचा वास येत असेल, फिल्म आकसली असेल, चिकटली असेल, तर ती यंत्रावर चढवू नका आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. दिवा आज ना उद्या मिळेल. जळालेली चौकट पुन्हा मिळणार नाही.